दुसऱ्या पृथ्वीचा शोध: इंदूरच्या गच्चीवरून सुरुवात कशी करावी

जंबुक तारकासमूहात एचडी १८९७३३ नावाचा एक मंद तारा आहे. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर पावणेतेवीस अंशांच्या आसपास. आपल्या इंदूरचा अक्षांशही तेवढाच. म्हणजे हा तारा रोज एकदा राजवाड्याच्या, सराफ्याच्या आणि तुमच्या-माझ्या गच्चीच्या बरोबर डोक्यावरून जातो, अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो. दर २ दिवस सव्वापाच तासांनी तो ताऱ्यासमोरून सरकतो आणि तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड सुमारे अडीच टक्क्यांनी घटतो. ही घट घरच्या कॅमेऱ्यानं मोजता येते.

हा ग्रह मात्र पृथ्वीसारखा मुळीच नाही. त्याच्याकडे नंतर येऊ.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर या नादाला लागले. नोकरीची बरीच वर्षं खाती तपासण्यात गेली होती. भाचा म्हणाला, "मावशी, इतकी वर्षं माणसांच्या खात्यातली तूट शोधलीस, आता ताऱ्यांच्या खात्यातली शोध." त्यानं चेष्टा केली होती, पण काम खरोखर तसंच निघालं. दुर्बीण नाही, दहावीनंतर भौतिकशास्त्राशी संबंध नाही, तरी बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह, कसे सापडतात हे हातानं करून बघायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. ज्या क्रमानं मी शिकले त्याच क्रमानं सांगते. माझा क्रम जिथे चुकला, तिथे तो दुरुस्त केला आहे.

पहिली पायरी: जवळचे तारे डोळ्यांनी ओळखा

स्टेलॅरियम हे ॲप मोफत मिळतं. ते फोनवर घ्या आणि हिवाळ्यात जेवणं आटोपली की गच्चीवर जा (आम्ही इंदूरकर तिला छतच म्हणतो). मृग नक्षत्राच्या पश्चिमेला यमुना हा लांबलचक, वळणावळणाचा तारकासमूह आहे. त्यातला एप्सिलॉन एरिडनी साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे. आणखी पश्चिमेला तिमिंगल, आणि त्यात टाऊ सेटी, १२ प्रकाशवर्षांना थोडा कमी. शहराच्या उजेडात दोन्ही जेमतेम दिसतात, पण दिसतात. टाऊ सेटीचं अंतर मी असं लक्षात ठेवते: उज्जैनच्या एका सिंहस्थाला तिथून निघालेला उजेड पुढच्या सिंहस्थाला आपल्याकडे पोचतो. दोन्ही तारे आपल्या सूर्याच्या जातीचे, जरासे लहान. टाऊ सेटीभोवती २०१२ साली पाच ग्रहांचा दावा झाला, २०१७ साली चारांचा, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

डोळ्यांना दिसणारा सगळ्यात जवळचा शेजारी बघायला शहर सोडावं लागतं. मित्र हा तारा नरतुरंगात आहे. इंदूरहून तो दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम साडेसहा अंश वर येतो. हात लांब करून चार बोटं आडवी धरली की साधारण तेवढी उंची होते. गच्चीवरून पाण्याच्या टाक्या दिसतील, मित्र नाही. मेच्या सुरुवातीला रात्री साडेबाराच्या सुमाराला, महिनाअखेरीस साडेदहा-अकराला, महूपुढे जानापावच्या डोंगरावर जाऊन दक्षिणेकडे तोंड करा. शेजारी मित्रक असतो, त्यामुळे चुकायला होत नाही. मित्रापासून दोनेक अंशांवर प्रॉक्झिमा सेंटॉरी आहे, ४.२४ प्रकाशवर्षांवर. डोळ्यांना तो दिसत नाही, पण तो कुठे आहे हे माहीत असलं की पुरे. त्याच्याभोवती २०१६ साली एक ग्रह सापडला. त्याचं वस्तुमान पृथ्वीएवढंच असावं आणि त्याचं वर्ष अवघ्या ११.२ दिवसांचं आहे.

ही पायरी गाळू नका. मी गाळली होती, सरळ लॅपटॉपवर बसले होते, आणि तीन महिने माझ्यासाठी सगळे तारे म्हणजे नुसते क्रमांक होते.

दुसरी पायरी: 'पृथ्वीसारखा' या शब्दाची झडती घ्या

वर्तमानपत्रात दर दोन महिन्यांनी 'पृथ्वीसारखा ग्रह सापडला' अशी बातमी येते. ती वाचल्यावर तीन प्रश्न विचारा. आकार माहीत आहे की वस्तुमान? ताऱ्याकडून ऊब किती मिळते? आणि वातावरण आहे का? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा नसतंच. आकारावरूनच ठरवायचं तर शुक्रही पृथ्वीसारखा म्हणावा लागेल. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या ९५ टक्के आहे, आणि पृष्ठभागावर शिसं वितळेल एवढी उष्णता.

नासाच्या एक्झोप्लॅनेट आर्काइव्हमध्ये सहा हजारांहून जास्त पक्क्या ग्रहांचा तक्ता आहे. सगळ्यांना खुला, चकटफू. तो उघडला की आधी डोळे फिरतात. चारच रकाने ठेवा: त्रिज्या, वस्तुमान, मिळणारा उजेड आणि अंतर. पहिले तीन पृथ्वी = १ या मापात मिळतात. त्रिज्या १.६ च्या पुढे गेली की ग्रह खडकाळ असण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते, तेव्हा गाळणी तिथे लावा. उजेड एकाच्या आसपास असेल तर ग्रह वसतियोग्य पट्ट्यात, म्हणजे पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल अशा अंतरावर. 'शकेल' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा.

दोन खड्डे आधीच सांगून ठेवते. तक्त्यातलं अंतर पारसेकमध्ये असतं, त्याला ३.२६ नं गुणलं की प्रकाशवर्षं मिळतात. आणि बऱ्याच ग्रहांचं वस्तुमान 'किमान' असतं, खरं वस्तुमान त्याहून जास्त असू शकतं. प्रॉक्झिमाच्या ग्रहाचंही तसंच.

तिसरी पायरी: थाळी, मोहरी आणि लिंबू

२००४ सालच्या ८ जूनला शुक्राचं अधिक्रमण झालं होतं, म्हणजे तो सूर्यासमोरून सरकला होता. काळ्या चष्म्यातून सूर्यावरचा तो काळा ठिपका बघितलेले बरेच लोक अजून भेटतात. त्या दिवशी शुक्रानं सूर्याचा सुमारे एक हजारांश उजेड अडवला होता, आणि तेही तो आपल्या इतक्या जवळ होता म्हणून. दुरून कुणी बघत असेल तर त्याला पृथ्वीच्या अधिक्रमणात सूर्याची घट दिसेल ती बारा हजारात एक.

हे समजायला स्वयंपाकघरात जा. २२ सेंटिमीटरची थाळी म्हणजे सूर्य. त्या मापात पृथ्वी २ मिलिमीटरची, चांगल्या टपोऱ्या मोहरीच्या दाण्याएवढी, आणि गुरू म्हणजे छोटं लिंबू. थाळीपुढे लिंबू धरलं तर थाळीचा शंभरावा भाग झाकला जातो. मोहरी धरली तर काही झाकलं गेलं असं वाटतही नाही. आता थाळी बाजूला ठेवा आणि लिंबालाच तारा समजा. विश्वात असे तारे भरपूर आहेत, त्यांना लाल बटू तारे म्हणतात. कुंभ राशीतला ट्रॅपिस्ट-१ हा त्यांपैकी एक, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, गुरूपेक्षा जरासाच मोठा. लिंबापुढे मोहरी आली की फरक जाणवतो, जवळपास पाऊण टक्का. ट्रॅपिस्ट-१ भोवती पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे सात ग्रह आहेत हे २०१७ साली जाहीर झालं, त्याचं गुपित या लिंबात आहे. पृथ्वीएवढे ग्रह सापडण्याच्या बातम्या लाल बटूंकडूनच का येतात, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं. उरलेलं निम्मं असं, की या ताऱ्यांचा उजेड कमी, म्हणून वसतियोग्य पट्टा त्यांच्या अगदी जवळ असतो, ग्रहाचं वर्ष काही दिवसांचं असतं आणि घट पुन्हापुन्हा दिसते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीची पृथ्वी वर्षातून एकदा, तेरा तास, समोर येते. तीही तिची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तरच, आणि तशी शक्यता दोनशेत एक.

घट न दिसणाऱ्या ग्रहांसाठी दुसरी पद्धत आहे. ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा मागेपुढे डुलतो, आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. याला अरीय वेगाची पद्धत म्हणतात. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी महाश्वातल्या ५१ पेगासीभोवती याच पद्धतीनं ग्रह शोधला आणि २०१९ साली त्यांना नोबेल मिळालं. तो तारा सेकंदाला पन्नास-साठ मीटर डुलतो. पृथ्वीमुळे सूर्य डुलतो सेकंदाला ९ सेंटिमीटर, रांगणारं बाळही याहून वेगानं जातं. हे गच्चीवरचं काम नाही. ते अबूच्या पहाडावर गुरुशिखरला चालतं, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या दुर्बिणीवर. तिथल्या 'पारस' या वर्णपटमापकानं २०१८ साली सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याभोवती पृथ्वीच्या २७ पट वस्तुमानाचा ग्रह पक्का केला.

चौथी पायरी: अल्गोलवर हात बसवा

खर्च शून्य, म्हणून ही मला सगळ्यात प्रिय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी उत्तरेकडे शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाति एकमेकांच्या शेजारी दिसतात. (नावं ठेवणाऱ्यानं तिघांना आकाशातही सोडलं नाही.) ययातीत अल्गोल नावाचा तारा आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा उजेड एक-तृतीयांशापर्यंत उतरतो, कारण त्याचा मंद जोडीदार त्याच्यासमोर येतो. १७८३ साली जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या मुलानं नुसत्या डोळ्यांनी निरीक्षणं करून या घटीची वेळ बसवली आणि ताऱ्यासमोरून काहीतरी काळं फिरत असावं असं सुचवलं. अधिक्रमणाच्या पद्धतीतली मूळ कल्पना तीच.

करायचं एवढंच. देवयानीतला गॅमा हा तारा एरवी अल्गोलएवढाच तेजस्वी असतो. ययातीतले एप्सिलॉन आणि डेल्टा बरेच मंद. दर अर्ध्या तासानं बघा: अल्गोल गॅमाच्या बरोबरीचा आहे की एप्सिलॉनकडे झुकलाय? वहीत वेळ आणि एक वाक्य. घट पुरी व्हायला पाच तास लागतात, भरून यायला आणखी पाच. एका रात्रीत सगळं बघण्याचा हट्ट धरू नका. तुलनेला शेजारचा तारा घ्यायचा, ही सवय इथे लागली की पुढे कॅमेऱ्यात तीच कामाला येते. धूर, धुकं, पातळ ढग यांचा दोन्ही ताऱ्यांवर सारखाच परिणाम होतो, तो आपोआप वजा होतो.

पाचवी पायरी: पावसाळ्यात लॅपटॉप

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत माळव्यात आकाश बंद. हे दिवस 'टेस'चे. २०१८ साली सोडलेला हा नासाचा उपग्रह आकाशाचा एकेक पट्टा सुमारे २७ दिवस बघतो आणि जवळच्या, तेजस्वी ताऱ्यांचा उजेड नोंदवत राहतो. त्याच्याआधीच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीनं दूरच्या ताऱ्यांभोवती अडीच हजारांहून जास्त ग्रह शोधले, पण जवळचे शेजारी हे टेसचं काम. त्याच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. झूनिव्हर्सच्या संकेतस्थळावर 'प्लॅनेट हंटर्स टेस' हा उपक्रम आहे. नाव नोंदवा, दहा मिनिटांचा सराव करा, आणि आलेखातल्या घटींवर खूण करत जा.

आलेखात बघायचं काय? ग्रहाची घट सपाट तळाच्या वाटीसारखी असते: पटकन उतार, तळाशी थोडा मुक्काम, पटकन चढ. टोकदार, व्हीसारखी खोल घट बहुधा एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची. एकाआड एक घट कमीजास्त खोल असेल तर ते नक्कीच तारे. घटींच्या वेळा लिहून काढा आणि वजाबाकी करा. दुधाच्या खाड्यांचा हिशेब करतो तसंच आहे हे: दोन खाड्यांवरून अंदाज बांधायचा, तिसरा त्याच अंतरानं आला की विश्वास ठेवायचा.

आणि आता माझी फजिती. पहिल्याच पावसाळ्यात मला १३.७ दिवसांच्या अंतरानं दोन सुरेख घटी मिळाल्या. रात्री अकरा वाजता भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, टेसला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला किती दिवस लागतात ते बघ." १३.७. फेरीत एकदा तो नोंदी पृथ्वीकडे पाठवतो, तेवढा वेळ मोजणी थांबते, आणि त्या फटीच्या काठावर आलेख हमखास वाकडातिकडा होतो. फटीला चिकटलेली घट दिसली की आधी हात बांधून बसा.

पायथन ही संगणकाची भाषा थोडी येत असेल किंवा घरात कुणाला येत असेल, तर 'लाइटकर्व्ह' या मोफत पॅकेजनं चार-पाच ओळींत हव्या त्या ताऱ्याचा आलेख काढता येतो. सरावाला एचडी १८९७३३ घ्या. त्याचा आलेख नागमोडी आहे, कारण या ताऱ्यावर डाग आहेत आणि ताऱ्याबरोबर ते फिरतात. नागमोड आणि घट वेगळी ओळखता आली की अर्धं शिक्षण झालं.

सहावी पायरी: संशय

इथे जरा रेंगाळते, कारण या विषयात मोठमोठे लोक इथेच घसरले आहेत. १८५५ साली मद्रास वेधशाळेतल्या कॅप्टन जेकब यांनी भुजंगधारीतल्या ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या हालचालीत गडबड आहे, तिथे एखादा ग्रह असावा, असं लिहिलं. बाह्यग्रहाचा जगातला बहुधा पहिलाच शास्त्रीय दावा, आणि तो भारतातून केलेला. तो टिकला नाही. त्याच भुजंगधारीत बर्नार्डचा तारा आहे, सहा प्रकाशवर्षांवर. १९६० च्या दशकात पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी त्याच्याभोवती गुरूएवढा ग्रह असल्याचं जाहीर केलं. पुढे लक्षात आलं की तारा हलत होता तो दुर्बिणीच्या भिंगात केलेल्या दुरुस्त्यांमुळे. २०१८ साली दुसरा दावा झाला, तोही मावळला. शेवटी २०२४ साली एक छोटा ग्रह पक्का झाला आणि २०२५ साली संख्या चारवर गेली. चारही पृथ्वीपेक्षा हलके, चारही ताऱ्याच्या इतके जवळ की पाणी टिकणार नाही.

म्हणून मी वहीत प्रत्येक घटीपुढे एक रकाना ठेवते: 'हे ग्रहाखेरीज आणखी काय असू शकेल?' त्यात तीन तरी कारणं लिहून ती खोडता आली पाहिजेत. यंत्राचा दोष, शेजारच्या ताऱ्याचा मिसळलेला उजेड, जोडतारा. खोडता आली नाहीत तर घट तशीच राहू द्यायची.

सातवी पायरी: डोक्यावरचा तारा

आता पहिल्या परिच्छेदाकडे. डीएसएलआर कॅमेरा, २०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स आणि ताऱ्यामागे फिरणारा छोटा ट्रॅकर एवढं लागतं. ट्रॅकर महाग पडतो, म्हणून आम्ही तिघांनी मिळून घेतला. हंस आणि गरुड यांच्यामध्ये शर हा चिमुकला बाण आहे. त्याच्या टोकाच्या उत्तरेला एम २७ ही डंबेलसारखी तेजोमेघिका. तिच्या अगदी शेजारी, सुमारे पाव अंशाच्या अंतरावर, आपला तारा. ७.७ प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही, पण फोटोत लगेच येतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला तो माथ्यावर असतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेचारच्या आत. अधिक्रमणाच्या वेळा 'एक्झोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस' या झेक हौशी खगोलप्रेमींच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथली वेळ जागतिक असते, तीत साडेपाच तास मिळवा. कॅमेऱ्याचं घड्याळ त्याच संध्याकाळी फोनशी जुळवून घ्या. अधिक्रमण चालतं पावणेदोन तासांच्या आसपास, पण आधी एक तास आणि नंतर एक तास फोटो हवेतच. 'नेहमीचा उजेड' किती हेच माहीत नसेल तर घट कशावरून मोजणार?

फोकस मुद्दाम किंचित बिघडवा. तारा छोट्या चकतीसारखा पसरला की उजेड जास्त पिक्सेलांत वाटला जातो आणि मोजणी स्थिर येते. माझ्या भाच्याला हे पटायला दोन रात्री लागल्या. रॉ फॉरमॅट, २० ते ४० सेकंदांचे फोटो, तारा कुठेही पांढराफटक जळता कामा नये. शेवटी लेन्सवर झाकण ठेवून तेवढ्याच वेळेचे वीस काळे फोटो, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला. मोठी दुर्बीण विषुववृत्तीय बैठकीवर (ताऱ्यामागे फिरणाऱ्या स्टँडवर) लावली असेल तर डोक्यावरच्या ताऱ्याचा एक तोटा आहे: तारा मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो तेव्हा दुर्बीण उलटवावी लागते, आणि त्या क्षणी आलेखात पायरी पडते. ती ग्रह नव्हे.

मोजणीसाठी ॲस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अल्गोलसारखंच करायचं, शेजारचे दोन-तीन स्थिर तारे तुलनेला घ्यायचे. आलेख नीट आला तर नासाच्या 'एक्झोप्लॅनेट वॉच' उपक्रमाला पाठवा. अधिक्रमणाच्या वेळा वर्षानुवर्षं मोजल्या नाहीत तर अंदाज घसरत जातो, आणि जेम्स वेबसारख्या अवकाश दुर्बिणीचा मोलाचा वेळ वाट बघण्यात जातो. या कामात हौशी लोकांची खरी मदत होते.

ग्रह कसला आहे म्हणाल, तर गुरूएवढा, हजार अंशांच्या आसपास तापलेला. २०२४ साली वेबला त्याच्या वातावरणात हायड्रोजन सल्फाइड सापडलं, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. पृथ्वीसारखं त्यात काही नाही. पण पृथ्वीसारख्या ग्रहाची घट मोजायची रीत हीच, फक्त दोनशे-तीनशे पट बारीक. युरोपची प्लेटो ही मोहीम सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती तेवढं बारीक मोजण्यासाठीच आखली आहे. तिच्या नोंदी खुल्या झाल्या की पाचव्या पायरीवर परत यायचं.

जाता जाता कामाचं: ऑक्टोबरमध्ये रात्र ठरवताना आधी पंचांग बघा. कोजागिरीच्या आसपासचे चार-पाच दिवस सोडून द्या, चंद्र सगळं धुऊन टाकतो. आणि शेजारच्या गच्चीवरचा हॅलोजन संध्याकाळी सहाच्या आत जाऊन बंद करून घ्या. मी जाताना भुट्ट्याच्या किसाचा डबा घेऊन जाते. गेल्या खेपेला शेजारीणबाई दिवा बंद करून स्वतःच खुर्ची घेऊन वर आल्या, आणि तासाभरानं त्यांनी विचारलं, "ताई, कमी झाला का हो उजेड?"